साठच्या दशकातली जपानी सिल्कस्क्रीन पोस्टरं: जमवणाऱ्यांसाठी आणि बघणाऱ्यांसाठी

कागदवेडा

जपानी चित्रं म्हटलं की होकुसाईची लाट आणि हिरोशिगेचा पाऊस, बहुतेकांची ओळख इथेच संपते. ती लाकडी ठशांची परंपरा थोरच आहे. पण मला ज्या कागदांनी झपाटलंय ते त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी तोक्योत छापले गेले. साधारण १९६५ ते १९७५ या काळातली नाटकांची, नृत्याची, प्रदर्शनांची सिल्कस्क्रीन (म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेली) पोस्टरं. ज्यांच्याकडे एखादं आहे, ज्यांना घ्यायचंय, ज्यांना नुसतं बघायचंय, सगळ्यांनी या.

सुरुवात तादानोरी योकोपासूनच करावी लागते. (योको हे इथे आडनाव. योको ओनोशी काही नातं नाही.) जन्म १९३६, ह्योगो प्रांतातलं निशिवाकी, म्हणजे मागावर कापड विणणारं गाव. दत्तक गेला त्या घरात किमोनोच्या कापडाचा व्यापार होता, त्यामुळे ताग्यांवर चिकटवलेली रंगीबेरंगी लेबलं बघतच पोरगं वाढलं. पुढे तोक्योला येऊन निप्पॉन डिझाइन सेंटरमध्ये नोकरी. तिथली शिस्त एकदम स्वच्छ: मोकळी जागा, नेमका आकार, कमीत कमी रंग. १९६४च्या ऑलिंपिकसाठी युसाकू कामेकुरानं केलेलं लाल गोळ्याचं पोस्टर आठवा, तो त्या शिस्तीचा कळस.

योकोनं नेमकं उलटं टोक धरलं. १९६५च्या नोव्हेंबरात गिन्झातल्या मात्सुया स्टोअरमध्ये 'पर्सोना' नावाचं डिझायनरांचं प्रदर्शन भरलं, त्यात त्यानं स्वतःचंच पोस्टर लावलं. मधोमध सूट घातलेला माणूस गळफासाला लटकतोय, हातात गुलाब. मागे उगवत्या सूर्याचे किरण. वरच्या कोपऱ्यांत धडाडून पेटलेला फुजी आणि जेमतेम वर्षभर जुनी शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. खाली त्याचाच तान्हेपणीचा फोटो आणि शाळेतला ग्रूप फोटो. इंग्रजीत मजकूर असा की, वयाच्या २९व्या वर्षी शिखर गाठून मी मेलो. ना साबण विकायचाय, ना सिनेमा. सात वर्षांनी, १९७२ साली, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं.

मधल्या काळात नाटकवाल्यांनी त्याला पकडलं होतं. जुरो काराची जोक्यो गेकिजो ही मंडळी १९६७ साली शिंजुकूच्या हानाझोनो देवळाच्या आवारात लाल तंबू ठोकून खेळ करायला लागली. त्याच वर्षी शुजी तेरायामानं तेन्जो साजिकी ही नाटकमंडळी काढली, तिच्या संस्थापकांत योको स्वतः होता. तात्सुमी हिजिकाताचं बुतो, म्हणजे संथ, वेड्यावाकड्या हालचालींचं नवं नृत्य, होतंच. रस्त्यावर विद्यार्थ्यांचे मोर्चे, अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध संताप, आणि या सगळ्यात तळघरात नाहीतर तंबूत होणारी नाटकं. पैसा कुणाकडेच नव्हता. तरी पोस्टरं मात्र माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढी मोठी आणि आठ-दहा रंगांची. मला या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं.

एक मुद्दा आधीच मांडून ठेवतो, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी राहील. योको या पोस्टरांसाठी रंगीत चित्र काढत नसे. काळ्या रेघांचं मूळ रेखाटन तयार करायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर लावून कुठे कोणता रंग हवा त्याच्या सूचना लिहायच्या आणि छापणाऱ्याकडे पाठवायचं. रंगीत चित्र पहिल्यांदा जन्माला यायचं ते छापखान्यातच. त्यामुळे 'मूळ चित्र कुठे आहे?' या प्रश्नाला उत्तर एकच: हा छापलेला कागदच मूळ. म्हणून हे जमवायचं असेल तर चित्रकलेइतकीच छपाई वाचता आली पाहिजे. इथे कुणी स्क्रीन प्रिंटिंगवाले असतील तर प्लीज लिहा.


रानवारा

वाचतेय. फार सुंदर सुरुवात. बाकीच्या कलाकारांची नावंही द्या ना.


कागदवेडा

रानवारा, अगदी धावती यादी. कियोशी आवाझु (१९२९ ते २००९): अंगठ्याचे ठसे, कासवं, नकाशावर उंची दाखवतात तशा रंगीत वळणावळणाच्या रेघा. त्याच्या कामाचा मोठा साठा कानाझावाच्या एकविसाव्या शतकाच्या समकालीन कला संग्रहालयात आहे. अकिरा उनो: लवचिक रेघेतल्या उदास बायका, तेन्जो साजिकीसाठी त्यानं बरंच केलं. कोगा हिरानो: काळ्या तंबूच्या नाटकमंडळीचा माणूस, याची हातानं काढलेली अक्षरं बघत राहावीत अशी. आणि केइइची तानाआमी, त्याच्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहा.


स्क्वीजीवाला

बोलावलंत म्हणून आलो. आमचा इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा, वडिलांपासूनचा. लग्नपत्रिका, पिशव्या, स्टिकर, यंत्रमागवाल्यांची लेबलं. कागदवेडांनी योकोच्या घरच्या ताग्यांच्या लेबलांचं लिहिलंय ते वाचून हात शिवशिवले.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाकडी फ्रेमवर ताणून बसवलेलं बारीक जाळीचं कापड. पूर्वी रेशमाचं, नंतर नायलॉन-पॉलिएस्टरचं. जिथे रंग नको तिथे जाळी बंद करायची. पूर्वी त्यासाठी फिल्म ब्लेडनं कापून चिकटवायचे. आमच्याकडे वडिलांच्या काळात फाइव्ह स्टार फिल्म चालायची, आणि इमल्शन (उजेडानं कडक होणारा लेप) लावून फ्रेम लाइटवर एक्स्पोज करणं तर आजही रोजचंच. मग फ्रेमखाली कागद, फ्रेमवर शाई, आणि स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) एका दमात ओढायची. एक रंग, एक फ्रेम. दहा रंग असतील तर प्रत्येक कागद दहा वेळा फ्रेमखाली जाणार आणि प्रत्येक वेळी रॅकवर वाळणार. त्यात रजिस्टर, म्हणजे रंगाशेजारी रंग नेमका बसणं, हललं की संपलं.

आता ओळखायचं कसं. ऑफसेटमध्ये, म्हणजे मासिकं-कॅलेंडरांच्या नेहमीच्या यंत्रछपाईत, सगळे रंग चार शाईंच्या बारीक ठिपक्यांतून तयार होतात. भिंगाखाली धरलं की निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे गोल मांडलेले दिसतात. सिल्कस्क्रीनमध्ये नारिंगी म्हणजे डब्यात कालवलेली नारिंगीच, भिंगाखालीही सपाट नारिंगी. शिवाय शाईचा थर जाड. पोस्टर खिडकीशी तिरकं धरा, जिथे एक रंग दुसऱ्यावर चढलाय तिथे कडेला बारीकशी पायरी दिसेल. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला हेच आधी दाखवतो.

मात्र एक गल्लत टाळा. 'ठिपके दिसले की ऑफसेट' हे खरं नाही. पोस्टरात फोटो असेल (योकोच्या त्या शाळेच्या फोटोसारखा) तर सिल्कस्क्रीनमध्येही त्याचे ठिपके करावेच लागतात. फरक असा की ते एकाच रंगाचे असतात आणि बरेच मोठे, पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनीही दिसतील असे. चार रंगांचं फूल दिसलं तरच ऑफसेट समजा.

आणि ती आकाशाची शेड. वर गडद निळा, खाली येता येता पांढरा, तसा पट्टा या पोस्टरांत खूप ठिकाणी दिसतो. एकाच फ्रेमवर दोन शाया शेजारीशेजारी ओतून स्क्वीजी ओढली की मधल्या जागी त्या आपोआप मिसळतात. ओढत गेलं की मिसळण्याचा पट्टा रुंदावत जातो, म्हणून पहिल्या प्रतीची शेड आणि पन्नासाव्या प्रतीची शेड कधीच सारखी येत नाही. एकाच पोस्टरच्या दोन प्रतींचे फोटो मिळाले तर ती जागा ताडून बघा. दोन्हीकडे शेड अगदी हुबेहूब असेल तर मला शंका येईल.


कागदवेडा

स्क्वीजीवाले, यासाठीच धागा काढला होता. शेडवरून आठवलं, हिरोशिगेच्या चित्रांत वर आकाशाचा गडद पट्टा खाली विरत जातो, तिथे लाकडी ठशावर ओल्या ब्रशनं शाई पुसून ती आणतात. जपानीत त्याला बोकाशी म्हणतात. साधन वेगळं, नजर तीच. योको जुन्या जपानी चित्रांतून आणि पत्त्यांच्या डावातून बिनधास्त उचलतो ते नुसत्या चित्रांपुरतं नाही, रंग देण्याच्या रीतीतही उतरलंय.


निशीकसाईकर

मी तोक्योत राहतो, नोकरी आयटीतली, शनिवार-रविवार जिंबोचोत. कान्दा-जिंबोचो म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा मोहल्ला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळत वाढलेल्या माणसाला इथे घर सापडल्यासारखं होतं. सगळ्याच दुकानांत पोस्टरं नसतात, नाटक-सिनेमा आणि ग्राफिक डिझाइनवाली दुकानं निराळी. पोस्टरं बहुतेक आतल्या खोलीत सपाट खणांत असतात, मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. हात कोरडे, पिशवी खाली ठेवलेली, आणि पान उलटायचं काम दुकानदाराचं. तेवढं पाळलं की मग माणसं मनापासून दाखवतात.

भारतातून घेणाऱ्यांना ऑनलाइन लिलाव आणि जुन्या पुस्तकवाल्यांची सामायिक साइट हेच मार्ग. जपानी विक्रेते बहुधा परदेशी पाठवत नाहीत, त्यामुळे मध्यस्थ सेवा लागते. ती जपानमधल्या पत्त्यावर माल घेते आणि पुढे पाठवते. विक्रेते वस्तूची अवस्था फार प्रामाणिकपणे लिहितात, पण त्यांचे शब्द माहीत हवेत. 'ओरे' म्हणजे घडी किंवा मोड. 'याके' म्हणजे उन्हानं, काळानं आलेला पिवळेपणा. 'शिमी' डाग, 'याबुरे' फाटलेलं, 'गाब्यो आना' म्हणजे टाचण्यांची भोकं. 'उराउची' म्हणजे मागून कागद चिकटवून मजबूत केलेलं. सगळ्यात महत्त्वाचे दोन: 'तोजिमोनो' म्हणजे त्या काळातलंच, आणि 'फुक्कोकू' म्हणजे नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती. वर्णनात फुक्कोकू असेल तर विक्रेत्यानं तुम्हाला सांगितलंय, मग तक्रारीला जागा नाही.

टाचण्यांच्या भोकांना नाकं मुरडू नका. ही पोस्टरं भिंतीवर लावण्यासाठीच होती. चार कोपऱ्यांत चार भोकं असलेलं पोस्टर मला तरी कोऱ्या प्रतीपेक्षा जवळचं वाटतं, ते खरंच कुठल्यातरी कॉफीच्या दुकानात टांगलं गेलं होतं.

आणखी एक खूण. तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव असतं. या नाटकांच्या बऱ्याच पोस्टरांवर साईतो प्रोसेस हे नाव दिसेल. डिझायनरइतकाच मान त्या कारागिरांना द्यायला हवा. स्क्वीजीवाल्यांनी दहा वेळा फ्रेमखाली जाण्याचं लिहिलंय, तेच काम तिथे एवढ्या मोठ्या कागदावर होत होतं.


पाऊसपाणी

नमस्कार, मी रत्नागिरीची. जपानी भाषेच्या परीक्षा देतेय, तिथून या नादाला लागले. एका लिलावात योकोचं 'कोशिमाकी ओसेन'चं पोस्टर (जोक्यो गेकिजो, १९६६) दिसतंय. वर्णनात तोजिमोनो लिहिलंय, सिल्कस्क्रीन लिहिलंय. आकार ७२.८ गुणिले ५१.५ सेंमी. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी आहे, म्हणजे परवडेल पण विचार करावा लागेल. लिलाव परवा संपतोय. घेऊ का?


निशीकसाईकर

ताई, थांबा. आकार बघा. ७२८ गुणिले ५१५ मिमी म्हणजे जपानी बी-२. कोशिमाकी ओसेनचं मूळ पोस्टर बी-१ आहे, म्हणजे १०३० गुणिले ७२८ मिमी, यापेक्षा बरोबर दुप्पट क्षेत्रफळाचं. कडा एक-दोन सेंमी कमीजास्त असू शकतात, पण निम्मं पोस्टर असू शकत नाही.


कागदवेडा

निशीकसाईकरांशी सहमत. कडा छाटूनही बी-१चं बी-२ होत नाही, चित्रच कापलं जाईल. फोटोत चित्र पुरं दिसतंय ना? मग ते लहान करून छापलंय, आणि लहान करायचं म्हणजे बहुतेक ऑफसेट. विक्रेत्याकडे एका कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागा, जिथे दोन रंग एकमेकांना लागतात तिथला.


पाऊसपाणी

मागितला होता, आला. खूप जवळून काढलाय. नारिंगी भागात पिवळे आणि गुलाबी ठिपके दिसतायत.


स्क्वीजीवाला

मग विषय संपला ताई. ऑफसेट आहे. भिंतीला लावायला छान, पण त्या किमतीला नाही.


नीरजा_पुणे

एक सुचवते. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारली तर नवीन कागद निळसर चमकतो, जुना चमकत नाही. विक्रेत्याला सांगून तसा फोटो मागता येईल.


मोडीवाचक

नीरजाताई, हे १९३०च्या कागदाला लागू पडतं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. साठच्या दशकातल्या अस्सल पोस्टरचा कागदही चमकू शकतो, आणि आजचा साधा कागद चमकणारही नाही. इथे टॉर्चवर निर्णय नको. आकार, शाईचा थर, ठिपके, छापणाऱ्याचं नाव, कागदाचा मागचा भाग, हे सगळं एकत्र बघा. मागची बाजू तर मागाच. पन्नास वर्षांचा कागद मागून एकसारखा पांढरा क्वचितच राहतो, कडांकडून आत पिवळा होत जातो.


दर्यावर्दी

चर्चा छान चाललीय, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही. ते सूर्याचे किरण. जपानी सैन्याचं निशाण तेच होतं. कोरिया-चीनमध्ये आजही त्यावरून माणसं दुखावतात. आपण ते घरात कौतुकानं लावायचं का? आणि याला पॉप आर्ट म्हणणं तरी बरोबर आहे का?


कागदवेडा

दर्यावर्दी, प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या देशावर ते सैन्य चालून आलं त्यांच्या दुखण्याला 'ही तर कला' म्हणून बाजूला सारता येत नाही. माझं मत सांगतो. योको युद्ध संपलं तेव्हा नऊ वर्षांचा होता. जे निशाण बघत तो लहानाचा मोठा झाला, त्याच निशाणासमोर त्यानं स्वतःला फासावर लटकवलंय. एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला नव्या जपानची अभिमानाची गाडी. यात मला विजयाची आरोळी दिसत नाही. पण त्याच माणसाची लेखक युकिओ मिशिमाशी घट्ट मैत्री होती, आणि मिशिमाचं सम्राटवादी राजकारण आणि १९७० सालचा त्याचा शेवट (लष्करी तळावर बंडाची हाक फसल्यावर केलेली हाराकिरी) सर्वांना ठाऊक आहे. त्या काळातलं आकर्षण आणि भीती, दोन्ही या पोस्टरांत एकत्र नांदतात. माझ्याकडे अशा पोस्टराची छोटी प्रतिकृती आहे. कुणी विचारलं की सूर्यकिरणांचा इतिहासही सांगतो, नुसतं 'छान रंग' म्हणून पुढे जात नाही.

पॉप आर्टचं म्हणाल तर अमेरिकेत वॉरहोल सुपाच्या डब्याला सिल्कस्क्रीननं गॅलरीत नेत होता. इथे उलटा प्रवास. ही पोस्टरं गॅलरीसाठी नव्हतीच, रस्त्यावर नाटकाची जाहिरात करत होती. बाजारातली चित्रं, काड्यापेटीची लेबलं, पत्ते, सिनेमातले नट यांचं वेड दोघांचं सारखं. पण योकोच्या चित्रात थंडपणा नाही, त्यात घरातल्या जुन्या वस्तूंचा जिव्हाळा आणि शरम दोन्ही आहेत. म्हणून मी पॉप म्हणतो, पण जपानी पॉप.


दर्यावर्दी

पटलं. विशेषतः मिशिमाचं टाळलं नाहीत ते.


रानवारा

कागदवेडांनी तानाआमीवर लिहायला सांगितलं होतं, मी थोडं लिहिते. केइइची तानाआमी, जन्म १९३६, योकोचा समवयस्क. लहानपणी तोक्योवर बाँब पडत होते. आजोबांच्या घरी सोनेरी मासे पाळलेली काचेची टाकी होती, आणि आकाशातल्या झोताचा प्रकाश त्या पाण्यावर, माशांवर पडायचा, ही आठवण त्यानं आयुष्यभर पुन्हा पुन्हा चितारली. त्याच्या चित्रांत डोळे वटारलेले गुलाबी-सोनेरी मासे, विमानं, किंचाळणारी तोंडं येतात ती तिथून. १९६७ साली त्यानं 'नो मोअर वॉर' हे पोस्टर केलं. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना अमेरिकन 'अवाँ गार्द' मासिकानं युद्धविरोधी पोस्टरांची स्पर्धा घेतली, तिथे ते गौरवलं गेलं. गोड, चॉकलेटच्या कागदासारखे रंग आणि त्याखाली ही जखम.

२०२४च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या नॅशनल आर्ट सेंटरमध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि दोनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, तो गेला. निशीकसाईकर, तुम्ही पाहिलंत का ते?


निशीकसाईकर

पाहिलं. तो गेल्याची बातमी आली होती आणि लोक पोस्टरांसमोर गप्प उभे होते. जुनी पोस्टरं वेगळ्या भिंतीवर होती. फोटोत ते गुलाबी कधी नीट येत नाही, कागदावर अंगावर येतं.

कुणी जपानला येणार असेल तर कोबेचं योको तादानोरी समकालीन कला संग्रहालय (२०१२पासून) चुकवू नका. तिथे कधी कधी ती काळ्या रेघांची मूळ रेखाटनं आणि रंगांच्या सूचना लिहिलेले कागदही मांडतात. छापलेलं पोस्टर शेजारी असलं की कागदवेडांचा पहिला मुद्दा डोळ्यांनी कळतो. तोयामाच्या संग्रहालयाचाही पोस्टर-संग्रह दांडगा आहे, १९८५पासून तिथे तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शन भरतं.


स्क्वीजीवाला

गुलाबी फोटोत येत नाही कारण ती फ्लुओरोसंट शाई असणार. ती प्रकाश नुसता परत फेकत नाही, स्वतःही उजळते. मात्र सगळ्यांत आधी उडते तीच. आमच्या गाळ्याबाहेर लावलेला नमुना एका उन्हाळ्यात फिका पडतो.


मोडीवाचक

स्क्वीजीवाल्यांनी दुखरी नस पकडली. माझं काम जुन्या कागदांच्या जतनाचं आहे, म्हणून आपल्या हवेत ही पोस्टरं कशी सांभाळायची ते लिहितो. जपानी संग्राहकांचे सल्ले मुंबई-कोकणात जसेच्या तसे चालत नाहीत.

जाड शाई हे या पोस्टरांचं सौंदर्य आणि तोच त्यांचा धोका. कागद वाकतो, शाईचा थर तितका वाकत नाही. घट्ट गुंडाळी केली की थराला बारीक भेगा पडतात आणि घडीच्या रेषेवर शाई सुटून पांढरी रेघ उमटते. म्हणून नळी जितकी जाड तितकी चांगली, निदान वीतभर व्यासाची. विक्रेत्याला सांगा की छपाईची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि मध्ये आम्लरहित पातळ कागद घाला. घरी आल्यावर नळीतच राहू देऊ नका. आल्याआल्या जोर लावून सपाटही करू नका. सैल सोडा, वर स्वच्छ कागद आणि हलकं सपाट वजन, काही दिवस लागू देत.

पावसाळ्यात पार्सल मागवणं शक्यतो टाळा. आलंच तर नळी घरात एक-दोन दिवस बंदच राहू दे, मग कोरड्या खोलीत उघडा. बुरशी आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की जोर धरते आणि रत्नागिरीत जुलैमध्ये ती कुठे जाते हे पाऊसपाणींना मी काय सांगणार. लाकडी कपाट, बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, तिन्ही वर्ज्य. कसर लागते ती खळीसाठी. जपानात उराउची करताना गव्हाच्या खळीनं मागे वाशी, म्हणजे जपानी हातकागद, चिकटवतात. उत्तम पद्धत, आणि पुढे सोडवताही येते, पण कसरीला तीच खळ प्रिय. अशा पोस्टराला महिन्यातून एकदा बाहेर काढून बघायलाच हवं.

फ्रेम करायची तर काच पोस्टराला टेकू देऊ नका. दमट दिवसांत शाई काचेला चिकटते आणि सोडवताना थरासकट येते. मध्ये माउंटची जाडी हवी, अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक हवं, आणि मागे साधा पुठ्ठा नको, आम्लरहित बोर्ड हवा. सेलोटेप लावू नका, घरचा फ्रेमवाला म्हणाला तरीही लावू नका.

आणि तळमजल्यावर ठेवू नका. ऑक्टोबर २०१९च्या हागिबिस वादळात कावासाकीच्या नगर संग्रहालयाचं तळघर पाण्याखाली गेलं. पोस्टरं, फोटो, मांगा, हजारो वस्तू भिजल्या आणि दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चाललं. २६ जुलै पाहिलेल्या माणसांना अधिक सांगणे न लगे.

फाटलेलं, बुरशी लागलेलं पोस्टर असेल तर स्वतः प्रयोग करू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.


नीरजा_पुणे

मोडीवाचक, टॉर्चबद्दल सांगितलंत ते बरं केलंत, आणि हा प्रतिसाद तर छापून ठेवलाय. सिग्नेचर असलेल्या प्रतींबद्दल कुणी बोलेल का? सही असली की किंमत फारच चढते.


कागदवेडा

सहीकडे मी शेवटी बघतो. नाटकाच्या पोस्टरवर मुळात सही नसायचीच, ते भिंतीवर लागणार होतं. सही बहुतेक नंतर कुणीतरी समोर धरून घेतलेली. ती खरी असली तरी पोस्टर अस्सल आहे हे त्यानं सिद्ध होत नाही, नव्या आवृत्तीवरही कलाकार सही करतो. कोपऱ्यात पेन्सिलीनं सही आणि आवृत्ती क्रमांक असतील तर ती बहुधा संग्राहकांसाठी वेगळी काढलेली प्रिंट, पोस्टर नव्हे. तीही सुंदर असते, फक्त काय घेतोय ते ठाऊक असावं. माझा कौल: पैसे मोजायचे ते आधी रंगांच्या ताजेपणाला, मग पुऱ्या कडांना, मग सहीला.

नव्या माणसानं मोठ्या नावांच्या मागे लागू नये असंही वाटतं. त्याच काळात, त्याच छापखान्यांत, कमी गाजलेल्या डिझायनरांनी लहान मंडळींसाठी केलेली पोस्टरं आजही पगारात बसतात. छपाई तितकीच देखणी असते.


पाऊसपाणी

तोच सल्ला मानला. ते ऑफसेट सोडून दिलं. निशीकसाईकर दादांनी जिंबोचोतल्या एका दुकानात माझ्यासाठी शोध घेतला आणि एका लहान नाटकमंडळीचं बी-१ पोस्टर मिळालं. डिझायनर नावाजलेला नाही. चार कोपऱ्यांत भोकं, उजव्या कडेला दोन बोटांचं याके, बाकी रंग कडक. काल आलं. भिंग घेऊन बसले. नारिंगी सपाट नारिंगी आहे. काळी रेघ निळ्यावर चढलीय तिथे ती पायरी बोटाला नाही पण तिरक्या उजेडात स्पष्ट दिसते. खाली आकाशी पट्टा डावीकडे जास्त गडद आहे, उजवीकडे विरलाय.

तळाच्या ओळीत नाटकाची तारीख, जागा, तिकिटाचा दर ५०० येन, आणि शेवटी छापणाऱ्याचं नाव आहे. त्यातलं पहिलं अक्षर फाटलंय. फोटो टाकलाय, कुणाला ओळखू येतं का?


निशीकसाईकर

ताई, उरलेल्या अक्षरांवरून तरी साईतो प्रोसेस वाटत नाही, कुठलातरी लहान छापखाना दिसतोय. शनिवारी दुकानदाराला फोटो दाखवतो, त्याच्याकडे त्या मंडळीची आणखी दोन पोस्टरं खणात होती, त्यांच्या तळाशी पूर्ण नाव असेल.


मोडीवाचक

तोपर्यंत ती फाटकी जागा चिकटवू नका. तुकडा सुटा झालाच तर पाकिटात घालून पोस्टराबरोबरच ठेवा.